सोमवार संध्याकाळपर्यंत वारा हलका

बॉरगेश, लुइस बेट
सोमवार, १२ ऑक्टोबर १९६४

प्रिय फिनली,

आधी हवा, बाकीचं मागून. आईनं घालून दिलेली रीत आहे, मोडवत नाही.

वारा नैऋत्येचा. गेल्या मंगळवारपासून एकदाही खाली बसलेला नाही. पाऊस वरून पडायचं विसरलाय, आडवाच येतो. कोंबड्यांचं खुराडं दोरीनं दगडांना बांधलंय, तरी परवा एक कोंबडी हेक्टरच्या अंगणात सापडली. तो म्हणतो, ‘आपल्या पंखांनी आली, म्हणजे माझी झाली.’ मी म्हटलं, ‘मग माझ्या दुकानातली चहाची पुडी तुझ्या खिशात आपल्या पायांनी गेली होती वाटतं.’ कोंबडी परत मिळाली.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. त्यात तू लिहितोस, ‘उद्यापासून उघडीप.’ तुझा तो ‘उद्या’ आगगाडीनं आला, बोटीनं आला, पोस्टमनच्या सायकलवर बसून आला, आणि पोचेपर्यंत चार दिवसांचा शिळा झाला. मी दुकानात शिळे हेरिंग मासे विकत नाही. तुझी हवामान कचेरी मात्र शिळी हवा विकते आणि वर तुला पेन्शनही देणार.

पण आता खरंच एक काम आहे. आपल्या इवरची बावीस मेंढरं मे महिन्यापासून थोरावे बेटावर आहेत. गवत संपलं. नोव्हेंबर लागला की मार्चपर्यंत त्या खडकावर कुणाला पाय ठेवता येत नाही, हे तुला सांगायला नको. चार मैल जाणं, चार मैल येणं, दोन खेपा. त्याला एक अख्खा शांत दिवस हवाय. रेडिओवरचा माणूस ‘उत्तरेचा किनारा’ म्हणतो तेव्हा त्यात अर्धा समुद्र येतो. बॉरगेशचा धक्का काही दिसत नाही. तू आपल्या माणसांसाठी म्हणून नकाशा बघ. डोलिना म्हणते, ‘फिनली भाऊजींनी सांगितल्याशिवाय मी ह्यांना होडीला हात लावू देणार नाही.’ नवऱ्यापेक्षा दिरावर विश्वास. लग्नाला तीनच वर्षं झालीत, म्हणून बरं.

एक राहिलं. ऑगस्टमधलं. जूनमध्ये दुकानात फोन बसला, गावातला एकुलता एक, आणि दोन महिन्यांत तू मला त्याच्यापायी गावासमोर उभं केलंस. रविवार. चर्च सुटलेलं, सगळं गाव रस्त्यावर. फोन वाजला. मला वाटलं, कोणी गेलं. उचलला, तर तू. ‘दादा, दुकान उघडं आहे का? पौंडभर साखर बांधून ठेव.’ आणि मागे तुझ्या मित्रांचं खिदळणं. शब्बाथच्या दिवशी, जेव्हा इथे चूलही पेटत नाही, माणूस साखरेच्या गोष्टी करतो हे खिडकीतून चाळीस जणांनी ऐकलं. चर्चमध्ये स्तोत्राची पहिली ओळ मी उचलतो आणि मागून गाव गातं. वीस वर्षांची ती जागा जायची वेळ आली होती. मग मी सगळ्यांसमोर शब्द दिला, की यापुढे रविवारी हा फोन वाजला तरी उचलणार नाही, पलीकडे खुद्द राणी का असेना. तेव्हा बाबा, सोमवार ते शनिवार केव्हाही वाजव.

तुझा भाऊ,
टॉर्किल

*

ग्लासगो
शनिवार, १७ ऑक्टोबर १९६४

प्रिय टॉर्किलदादा,

इथली हवा: धूर, आणि धुरातून पाऊस. सांगण्यासारखं काही नाही.

साखरेबद्दल माफी. तिसऱ्यांदा मागतोय. पण खरं सांग, तू ‘कोण गेलं?’ असं विचारलंस तेव्हा तुझा आवाज असा होता की आम्ही चौघं हसायचे थांबलो होतो. ते कुणी ऐकलं नाही.

इवरचं काम मनावर घेतलंय. हा आठवडा विसरा. एकामागून एक कमी दाबाचे तीन पट्टे रांगेत उभे आहेत, रेशनच्या रांगेतल्या बायांसारखे, एक सरकली की दुसरी. पण त्यांच्यामागे दाब चढताना दिसतोय. २४ तारखेच्या शनिवारपासून तीन-एक दिवस शांत मिळतील असा माझा होरा आहे. रविवारी तुम्ही पाण्यात उतरणार नाही, म्हणजे सोमवार २६.

पण या पत्रावर जाऊ नका, तूच म्हणतोस शिळं असतं. शनिवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांनंतर रेडिओ लावा. त्या दिवशी उत्तर किनाऱ्याचा अंदाज लिहायची पाळी माझी आहे. वाचणारा दक्षिणेकडचा, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा बोलतो. पण शब्द माझे असतील. शांत असेल तर शेवटी ‘पश्चिमेकडच्या बेटांवरही’ असं घालीन. ते तुमच्यासाठी, असं समजा.

इवरला सांग, मेंढराचे पाय घट्ट बांध. मागच्या खेपेला एक सुटून आपल्या सगळ्यांना बुडवणार होतं.

तुझा,
फिनली

*

तार
स्टॉर्नवे, २७ ऑक्टोबर १९६४

इवर काल थोरावेला गेला. वादळ. होडी आज सकाळी उलटी मिळाली. तो नाही. बॉरगेशच्या फोनच्या तारा तुटल्या. ये. टॉर्किल

*

ग्लासगो
गुरुवार, २९ ऑक्टोबर १९६४

दादा,

बोटीच्या धक्क्यापर्यंत जाऊन आलो. दोन दिवस बोट सुटली नाही. तिसऱ्या दिवशी सुटली, आणि मी चढलो नाही. का, ते लिहितो.

शनिवारचा अंदाज माझ्या अक्षरात आहे. ‘सोमवार संध्याकाळपर्यंत वारा हलका, पश्चिमेकडच्या बेटांवरही.’ कागद माझ्या खणात आहे. आइसलँडच्या खाली एक लहानसा कमी दाब होता. मी तो पाहिला होता. माझ्या मते तो जागच्या जागी विरणार होता. रविवारी दुपारी समुद्रातल्या जहाजाकडून आकडे आले, आणि तो विरला नव्हता, खोल गेला होता आणि धावत सुटला होता. दीड वाजता आम्ही अंदाज फिरवला. सोमवारी सकाळपासून वायव्येचा वारा, जोर नऊ, छपरं उडवणारा. रेडिओवर तीनदा वाचला गेला. तीनदा, दादा. आणि मला ठाऊक होतं की शनिवारी निजताना तुम्ही रेडिओवर कापड टाकता ते सोमवारीच काढता, आणि सोमवारी उजाडता इवर पाण्यात असणार.

मी हे काम सोडतोय. साहेबांना तोंडी सांगितलंय, लेखी ३१ डिसेंबरपूर्वी द्यायचं. ज्याच्या शब्दावर सख्खा भाऊ गेला त्यानं पुन्हा ‘वारा हलका’ लिहू नये.

डोलिनाला काय लिहू कळत नाही. तूच सांग तिला.

फिनली

*

बॉरगेश
सोमवार, ९ नोव्हेंबर १९६४

प्रिय फिनली,

वारा उत्तरेचा, थंड, गारा. समुद्र अजून राखाडी.

इवर बुधवारी सापडला, टेकडीपलीकडच्या वाळूवर. शुक्रवारी नेला. सगळं गाव आलं होतं. तुला आपली रीत ठाऊक आहे, दोन रांगा, आणि दर काही पावलांनी खांदा बदलत जायचं. सर्वांत पुढची डावी बाजू भावाची. तुझी जागा थोडा वेळ रिकामी ठेवून चाललो, मग हेक्टरला दिली. गुडघ्यानं लंगडत का होईना, त्यानं फाटकापर्यंत खांदा दिला.

आता तू ऐक. जे झालं ते झालं. अंदाज म्हणजे अंदाज. देवाच्या वाऱ्याला सरकारी शिक्का लागत नाही. उगाच नोकरीला लाथ मारू नकोस. त्या नोकरीसाठी आईनं दोन गाई विकल्या होत्या.

तुला त्या सकाळचं सांगतो, कारण तू विचारणार आणि दुसरं कोणी नीट सांगणार नाही. सोमवारी उजाडता इवर दुकानात आला. तंबाखू घेतली, बिस्किटं घेतली. समुद्र असा होता, की वर साय धरावी. हेक्टर पिंपावर बसला होता. म्हणाला, ‘पोरा, आज जाऊ नकोस. माझा गुडघा रात्रभर बोलतोय.’ इवर हसला. ‘हेक्टरकाका, तुमच्या गुडघ्याला सरकारी नोकरीत लावू, आमचा फिनली रिकामा बसेल.’ आणि दारातून मागे वळून मला म्हणाला, ‘फिनलीनं सांगितलंय ना दादा? सोमवार संध्याकाळपर्यंत वारा हलका.’ तेवढंच. माझ्याशी त्याचं शेवटचं बोलणं ते.

पहिली खेप नीट आली, अकरा मेंढरं. दुसऱ्या खेपेला दहा वाजता निघाला. साडेदहाला पश्चिम काळी झाली. बाराला दुकानाचं छप्पर हलत होतं.

आदला रविवार इतका शांत गेला होता, फिनली. चर्चची घंटा सोडली तर गावात दुसरं काही वाजलं नाही. अशा शांततेतून असं काही निघेल, कोणाच्या मनात येणार?

डोलिना मागावर बसते. रडत नाही. तिच्याकडे मी रोज काही ना काही घेऊन जातो.

टॉर्किल

*

ग्लासगो
शनिवार, १४ नोव्हेंबर १९६४

दादा,

पत्र दहा वेळा वाचलं. ‘फिनलीनं सांगितलंय ना?’ एवढंच वाचतो, बाकीच्यावरून डोळा सरकतो.

एक विचारायचं होतं. तुझा फोन सुरू झाला का? तारेत लिहिलं होतंस की तारा तुटल्या. त्या केव्हा तुटल्या? सोमवारी वादळातच, की त्याच्याही आधीपासून बंद होता? उगाच विचारतोय. आमच्या कचेरीत अशा गोष्टींची नोंद ठेवतात.

साहेब म्हणाले, चूक सगळ्यांची होते, नाताळपर्यंत विचार कर. मी विचार करतो तेव्हा मला फक्त तो कागद दिसतो.

फिनली

*

बॉरगेश
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९६४

प्रिय फिनली,

वारा पश्चिमेचा, रिमझिम. घाईत लिहितोय, पोस्टमन दारात आहे आणि फुकटचा चहा पितोय.

फोनचं म्हणशील तर तो शनिवारपासूनच बंद होता. वाऱ्यानं खांब पडला वळणावरचा. आता सुरू आहे. तुमच्या कचेरीच्या नोंदीत तसं घाल.

जेवत जा.

टॉर्किल

*

बॉरगेश
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९६४

फिनली भाऊजी,

हे पत्र दुकानातून नाही, मी रस्त्यावर पोस्टमनच्या हातात देतेय. मोठ्या भाऊजींना सांगू नका.

तुम्ही आला नाहीत त्याचा मला राग नाही. लोक बोलतात, बोलू देत. होडी उलटी मिळाली त्या दिवशी इथेही निम्मं गाव माझ्या दारात आलं आणि निम्म्याला दार ओलांडवेना. कसं बोलायचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

मोठे भाऊजी रोज येतात. कधी साखर आणतात, कधी दोरा, कधी दिव्याची वात. तीन डबे वाती झाल्या. बसतात, टोपी हातात फिरवतात, हवेबद्दल बोलतात, जातात. सबंध गावाला बोलण्यात हरवणारा माणूस माझ्यासमोर वातींच्या गोष्टी करतो.

मला एकच विचारायचंय. त्या रविवारी, चर्च सुटल्यावर, दुकानात फोन वाजत होता. तो तुमचा होता का? आणि असेल तर, का केला होतात? मला कोणाला दोष द्यायचा नाही. मला फक्त हे कळायला हवं, की ती चेष्टा होती का.

यांच्या पायांत तुम्ही मागच्या नाताळला पाठवलेलेच मोजे होते. त्याच मोज्यांवरून यांना ओळखलं, म्हणून सांगतेय.

डोलिना

*

ग्लासगो
बुधवार, २५ नोव्हेंबर १९६४

दादा,

शनिवारी, २४ ऑक्टोबरला, बॉरगेशला वारा जोर दोनचा होता. झाडाचं पान हलतं, धूर वाकतो. दोनच्या वाऱ्यानं खांब पडत नाही. मीच लिहिला होता तो वारा. तू माझ्याशी खोटं बोललास आणि तेही हवेबद्दल. आपल्या घरात हे कधी झालं नव्हतं.

डोलिनाचं पत्र आलंय. ती विचारते, रविवारी दुकानात फोन वाजत होता, तो तुमचा का?

माझाच. आता सगळं लिहितो, कारण मीही लपवलंय. दीड वाजता अंदाज फिरवला. दोन वाजून गेल्यावर, चर्च सुटलं असेल असा हिशेब करून फोन लावला. वाजत राहिला. दहा-बारा वेळा. मला माहीत होतं तू तिथेच आहेस. दाराच्या पलीकडे, शनिवारी शिजवलेलं थंड मटण खात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मनात म्हणालो, मरा मग आपल्या रविवारात. आणि ठेवून दिला. स्टॉर्नवेच्या पोलीस चौकीला लावता आला असता. बॉरगेशला निरोप द्यायला त्यांना सायकलवर दोन तास लागले असते, वेळ होता. मी लावला नाही. खाली जाऊन चहा घेतला.

तेव्हा नोकरी मी का सोडतोय हे आता तुला कळलं. अंदाज चुकला म्हणून नाही.

डोलिनाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तू उचलला नाहीस हे मी लिहू का? की माझ्यापुरतंच लिहू? ५ तारखेपर्यंत तुझ्या पत्राची वाट बघतो.

फिनली

*

बॉरगेश
सोमवार, ३० नोव्हेंबर १९६४

फिनली,

वारा नाही. धुकं. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही.

अकरा. दहा-बारा नाही. अकरा पूर्ण आणि बारावी अर्धी. ती मध्येच तुटली, तू ठेवलास तेव्हा. माझे कान कसे आहेत तुला ठाऊक आहे. पाठीवर पोतं घेऊन सुया आणि चहा विकत दारोदार फिरायचो, तेव्हापासून चाहुलीवरून माणूस ओळखतो. आतली बाई विकत घेणार की नाही हे मला तिच्या पावलांवरून कळायचं. लांबून येणारा फोन वाजायच्या आधी किंचित टक् करतो. पहिल्या घंटेआधीच मला कळलं होतं, हा मुख्य भूमीवरून आहे. आणि रविवारी मुख्य भूमीवरून मला फोन करणारा जगात एकच माणूस आहे.

मी खात होतो. काटा हातात होता. मला वाटलं, पुन्हा साखर. चौथ्या-पाचव्या घंटेला वाटलं, साखर असती तर आता ठेवला असता. आठव्याला मी उठून दारापर्यंत गेलो. मधलं दार ढकललं असतं तर हात पोचत होता. खिडकीतून बाहेर माणसं दिसत होती, चर्चमधून परतणारी, सगळी दुकानाकडे बघणारी. मी दाराच्या कडीला धरून उभा राहिलो आणि मोजत राहिलो. पाद्री सांगतात, दयेचं आणि गरजेचं काम रविवारी चालतं. पण उचलल्याशिवाय कळणार कसं, की पलीकडे दया आहे की साखर?

हे झालं देवासमोरचं कारण. माणसासमोरचं खरं कारण असं, की मला माझी जागा हवी होती. त्या दिवशी सकाळी स्तोत्र फार चांगलं जमलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी इवर पिंपाशेजारी उभा होता तेव्हा मी त्याला सांगू शकलो असतो, की काल फिनलीचा फोन वाजला होता, जरा थांब, मी लावून बघतो. सोमवार होता. फोन समोर होता. मी लावला नाही, कारण मग तू हसला असतास.

इवरचं शेवटचं वाक्य मी तुला लिहून कळवलं, ते त्यानं म्हटलं होतं हे खरं. पण तुला कळवलं ते मुद्दाम. सांत्वनाच्या पुडीत बांधून दोष तुझ्याकडे पाठवला, की माझ्याकडे कुणी बघू नये. दुकानदाराचा हात आहे. वरचा कागद चांगला लावतो.

शनिवारी डोलिनाकडे गेलो. रिकाम्या हातानं. ती मागावर होती. मी म्हटलं, ‘त्या रविवारी फोन वाजला होता.’

माग चालूच. म्हणाली, ‘हो.’

‘फिनलीचा होता. वादळाचं सांगायला केला होता. मी ऐकला आणि उचलला नाही.’

मागाची खटखट थांबली. किती वेळ ते मोजलं नाही. मग ती म्हणाली, ‘बसा मोठे भाऊजी. तुम्ही उभे राहिलात की मला तुमच्याकडे मान वर करून बघावं लागतं.’ मी लोकरीच्या टोपलीवर बसलो.

‘आम्हीही ऐकला,’ ती म्हणाली. ‘आम्ही दोघं दुकानाच्या कोपऱ्यावर होतो. हे थांबले. हसायला लागले. मला म्हणाले, “हा फिनली. पुन्हा दादाची परीक्षा घेतोय. बघू या म्हातारा उचलतो का.” मी म्हटलं, चला, लोक बघतात. तर म्हणाले, “थांब ग, शेवटपर्यंत बघू.” फोन बंद झाला तेव्हा यांनी माझ्या हातावर टाळी दिली. म्हणाले, “जिंकला म्हातारा.” घरापर्यंत खूश होते. जेवताना पुन्हा हसले.’

फिनली, मी पुष्कळ ऐकलंय आयुष्यात. हे ऐकवलं नाही.

ती म्हणाली, ‘मला वाटत होतं, ती चेष्टाच असू दे. म्हणून भाऊजींना विचारलं. चेष्टा असती तर ते हसले ते बरोबर झालं असतं.’ मग तिनं धोटा हातात घेतला. ‘यापुढे वाजला तर उचला,’ म्हणाली. ‘आणि काय सांगतात ते मोठ्यानं सांगा.’ आणि माग सुरू केला. मी निघालो तरी तिनं पाहिलं नाही. आता रोज येऊ नका, असं मात्र म्हणाली नाही.

तेव्हा तिला तू काही लपवून लिहू नकोस, तुझंही सगळं लिही. मी काल चर्चमध्ये सांगून टाकलं, स्तोत्राची ओळ दुसऱ्या कुणी उचलावी. वडीलधाऱ्यांनी कारण विचारलं, मी दिलं. एकानं माझा हात धरला, बाकीचे आपापल्या टोप्यांकडे बघत होते.

तुला एकच सांगतो, मोठा भाऊ म्हणून, जर तसं सांगायचा अधिकार अजून उरला असेल. राजीनामा देऊ नकोस. रविवारची पाळी मागून घे. ती कोणालाच नको असेल.

टॉर्किल

*

ग्लासगो
शुक्रवार, ४ डिसेंबर १९६४

दादा,

डोलिनाला लिहिलं. सगळं. चहासकट.

रविवारची पाळी मिळाली. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की का? राजीनाम्याचं ठरलेलं नाही, कागद खिशात आहे. १३ तारखेला सव्वादोनला फोन करीन. उचललास तर पुढचं बघू.

फिनली

*

बॉरगेश
सोमवार, १४ डिसेंबर १९६४, संध्याकाळ

प्रिय फिनली,

वारा वायव्येचा, जोर तूच सांगितलेला. खुराडं गेलं. कोंबड्या मी आधीच आत घेतल्या होत्या.

कालचं तुला अर्धंच ठाऊक आहे, बाकीचं सांगतो. चर्चमध्ये ओळ माझ्या जागी होडीवाल्या कॅलमनं उचलली. फार वर उचलली. तिसऱ्या ओळीला बायांचे आवाज फाटले. मी मागच्या बाकावर होतो. तिथून सगळं वेगळंच ऐकू येतं, माणसं खोकतात किती ते तर मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

दोनला घरी आलो, जेवायला बसलो नाही. फोनजवळ खुर्ची घेतली. बाहेर माणसं हळू चालत होती. रविवारी लोक हळूच चालतात, पण काल जरा जास्तच हळू. टक् झालं, वाजला, मी उचलला. तू कचेरीतल्या आवाजात वाचलंस, मी म्हटलं बरं, आणि तू ठेवलास. आपण दोघं त्याहून जास्त काही बोललो नाही हे बरं झालं.

मग दार उघडून मी पायरीवर आलो आणि स्तोत्राच्या आवाजात सांगितलं, ‘सोमवारी सकाळी दहापासून वायव्येचा वारा, जोर नऊ. मंगळवारपर्यंत उतरणार नाही.’

कोणी मान वर केली नाही. टोप्या धरून सगळे चालत राहिले. एक वडीलधारे जाता जाता म्हणाले, ‘आज रविवार आहे, टॉर्किल.’

मी म्हटलं, ‘उद्या सोमवार आहे.’

डोलिना कोपऱ्यावर उभी होती. जिथे त्या रविवारी ती आणि इवर उभे होते तिथेच. ऐकून झाल्यावर तिनं शाल सारखी केली आणि गेली.

आज सकाळी उजाडता धक्क्यावर गेलो. समुद्र सपाट, त्या दिवशीसारखाच, साय धरावी असा. सहा होड्या वाळूवर, सहाही जणांचे हात खिशात. खेकड्यांचे पिंजरे आठ दिवस पाण्यात आहेत, आज काढायलाच हवे होते. कोणी होडीला हात लावला नाही. फोनचं नावही कोणी काढलं नाही. कॅलम म्हणाला, ‘हेक्टरचा गुडघा दुखतोय म्हणे.’ दुसरा म्हणाला, ‘हो, मीही ऐकलं.’ हेक्टर मागे पिंपावर बसला होता. म्हणाला, ‘माझ्या गुडघ्याला आज काही झालेलं नाही.’ कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना पश्चिम काळी झाली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून होड्या आणखी वर ओढल्या. इवरच्या होडीची जागा रिकामी आहे, तिच्याजवळून ओढताना सगळे वळसा घेतात.

तो कागद खिशातून काढ आणि शेगडीत घाल. पुढच्या रविवारी सव्वादोनला मी खुर्चीवर असेन.

काल पहिल्याच घंटेला उचलला. पण तू वाचत होतास तोवर माझे कान उरलेल्या दहा मोजत होते.

टॉर्किल